घरातले इंटरनेट आणि मुलांची सुरक्षितता : कायद्याचा प्रवास

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी मी केंद्र सरकारच्या सेवेत नवीन होतो. आमच्या कार्यालयात टंकलेखन यंत्रांचाच खडखडाट चाले. ही सेवा महाग असल्याने पहिली अनेक वर्षे बहुतेक मुलांची तिच्याशी ओळख घरात झालीच नाही. ती झाली सायबर कॅफेत, तासावर पैसे मोजून. मुलांच्या संरक्षणाचा आपला प्रशासकीय विचार याच दुकानाकडे पाहून घडला. पुढे मुले तेथून निघून गेली, विचार मात्र तेथेच रेंगाळला.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याच्या ६७व्या कलमाने इंटरनेटवरील अश्लील मजकुराचे प्रसारण गुन्हा ठरवले. परंतु त्या कलमात बालकांचा वेगळा उल्लेख नव्हता. पुढच्याच वर्षी हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि अज्ञान मुलांना अयोग्य मजकुरापासून कसे दूर ठेवावे, हे सुचवण्यासाठी न्यायालयाने एक समिती नेमली. समितीने जानेवारी २००२ मध्ये अहवाल दिला. कॅफेत येणाऱ्याची ओळख पटवावी, वापराची नोंद ठेवावी आणि मुलांना उघड्या जागेतील संगणकावरच बसवावे, असा तिच्या शिफारशींचा रोख होता. केंद्राने ११ एप्रिल २०११ रोजी सायबर कॅफेसाठी जे नियम अधिसूचित केले, त्यांत हीच दृष्टी दिसते. दोन संगणकांमधील आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नसावा आणि पालक सोबत असल्याशिवाय मुलांना आडोशामागे बसू देऊ नये, इतक्या बारकाईने ते लिहिलेले आहेत.

या नियमांची थट्टा करणे आज सोपे आहे. परंतु त्यांमागील तत्त्व शहाणपणाचे होते. त्यांचा भर यंत्र हिरावून घेण्यावर नव्हता, ते चारचौघांत ठेवण्यावर होता.

दरम्यान मूळ कायद्यातील उणीव भरून निघाली होती. २००८ च्या दुरुस्तीने ६७-ब हे कलम आले व ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. बालकांचे लैंगिक चित्रण प्रसारित करण्यासोबतच ते पाहणे, तसेच लैंगिक हेतूने मुलांना ऑनलाइन संबंधांत ओढणे, हेही त्याने गुन्हा ठरवले. बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा स्वतंत्र कायदा, म्हणजे ‘पॉक्सो’, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला.

मग दुकानच ओस पडले. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या आगमनानंतर डेटाचे दर कोसळले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या घरांनी निग्रहाने मुलांच्या हाती फोन दिला नव्हता, त्यांनाही तो द्यावा लागला. जुलै २०२० मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे असावीत, असे सुचवले. ही मर्यादा तासिकांपुरती होती. तासिका संपल्यावर फोन कोणी परत घ्यायचा, हे सरकार सांगू शकत नव्हते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक विषमता दिसते. मूल जितका अधिक वेळ पडद्यापुढे, तितके कंपनीचे उत्पन्न अधिक. राखणीचा खर्च मात्र सगळा आईबापांच्या वेळेतून निघतो. पूर्वी तो काही अंशी कॅफेचा मालक उचलत असे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ याने कंपन्यांवर थोडा भार टाकला आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मात्र या तरतुदींच्या अंमलबजावणीस अठरा महिन्यांची मुदत आहे. शिवाय असंख्य घरांत एकच फोन असतो आणि त्यावरील खाते वडिलांच्या नावाचे. कंपनीच्या लेखी तेथे मूल नसतेच.

म्हणून घराने स्वतःची रीत ठरवणे अपरिहार्य आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास फोन व टीव्ही बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. यातली मोलाची गोष्ट अशी, की नियम मोठ्यांनाही लागू होता. फोन बैठकीच्या खोलीत वापरणे आणि रात्री सर्वांचेच फोन एका जागी ठेवणे, हा २००२ च्या अहवालातील उघड्या जागेचाच घरगुती अवतार होय.

त्याहून महत्त्वाचे, मुलाने सांगितलेले ऐकून घेणे. मुलांना फसवणाऱ्याचे सारे भांडवल गुप्ततेत असते. ‘घरी कळले तर फोन जाईल’ ही भीती त्याच्याच कामी येते. मुलाने सांगितले की आधी धीर द्यावा, संदेश पुसू नयेत, आणि १९३० वर, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी. ‘पॉक्सो’च्या १९व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा ठाऊक असणाऱ्याने तो कळवणे बंधनकारकच आहे. बालकाचे आक्षेपार्ह चित्र इतरांना सावध करण्याच्या हेतूनेही पुढे पाठवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात असे चित्र जवळ बाळगण्यावरील कायद्याची व्याप्ती स्पष्ट केली आहे. त्याहून मोठे कारण असे, की प्रत्येक नव्या फोनवर त्या मुलाची विटंबना नव्याने होते.

आडोशाची उंची सरकारने ठरवली होती. घरातल्या मुलाला आपल्याशी बोलताना आडोसा वाटू नये, हे मात्र कोणत्याही अधिसूचनेने साधणारे नाही.