सकाळी दहा ते संध्याकाळी सात

समजा, रिसोडच्या एका कृषी सेवा केंद्रचालकाने खतांच्या उधारीपोटी वाशीमच्या ठोक विक्रेत्याला तीन लाखांचा, पुढच्या तारखेचा चेक दिला. सोयाबीन विकले की शेतकरी उधारी चुकती करतील, हा त्याचा हिशोब. आज ती तारीख आली. खात्यात ऐंशी हजार.

सकाळी १०. विक्रेता वाशीमच्या आपल्या बँकेत चेक भरतो. पूर्वी चेक वटायला एक-दोन दिवस लागत, तेवढ्यात इकडून-तिकडून पैसे उभे करता येत. ४ ऑक्टोबर २०२५ पासून ती उसंत गेली. दिवसा ठरलेल्या वेळेत भरलेला चेक स्कॅन होऊन लगेच पुढे जातो.

सकाळी ११.३०. केंद्रचालक उधारीवाल्यांना फोन लावतो. भाव पडलेत, माल घरातच आहे. खरा फोन कालच विक्रेत्याला जायला हवा होता: ‘भाऊ, चेक लावू नका, आठ दिवस द्या.’ त्यात कमीपणा नाही. पण संकोच आडवा येतो आणि माणसे कोर्टात उभी राहतात.

दुपारी २. कोणी सुचवते, ‘पेमेंट थांबव.’ खात्यात पैसे नसताना चेक थांबवला तरी चेक न वटल्याच्या गुन्ह्याचे कलम १३८ लागू शकते.

संध्याकाळी ७. बँकेने होय-नाही कळवायची शेवटची वेळ. त्याआधीच चेक परत: शिल्लक अपुरी.

पुढे दिवस मोजायचे. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत विक्रेत्याची नोटीस. पाकीट घेतले नाही म्हणून सुटका नाही. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस. तेवढ्यात चेकची पूर्ण रक्कम दिली, तर गुन्हाच उभा राहत नाही.

सोळाव्या दिवसापासून महिन्याभरात तक्रार, तीही वाशीमच्या कोर्टात, कारण विक्रेत्याचे खाते तिथले. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड. खटला चालू असतानाच २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचा आदेश होऊ शकतो. ‘सही माझी, पण चेक कोरा दिला होता’ हे पुरत नाही. सही मान्य केली की कायदा देणे धरूनच चालतो. गोव्यातून आलेल्या प्रकरणात २५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा कोऱ्या चेकचा बचाव मानला नाही. मात्र बचावाचा पुरावा नोंदवण्यापूर्वी चेकची रक्कम दिल्यास न्यायालय जादा खर्च न लावता तडजोड मान्य करू शकते, हेही त्याच निकालात आहे.

तुमच्या घरी अशी नोटीस आली असेल, तर ती कपाटात ठेवू नका. मिळाल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि आजचा दिवस कितवा, ते मोजा.