काट्यावरचा आकडा कोणी ठरवला?



"उंचीच्या मानाने तुमचं वजन जास्त आहे." हे वाक्य आपल्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. ते ऐकलं की आपण लगेच मान खाली घालतो. पण किती वजन म्हणजे जास्त, हे ठरवलं कोणी? आज आपण त्याचाच इतिहास पाहू.

१८३० च्या दशकात बेल्जियममध्ये ॲडॉल्फ केटेले नावाचे गणितज्ञ होते. ते डॉक्टर नव्हते. समाजातला 'सरासरी माणूस' कसा असतो, हे त्यांना आकड्यांतून शोधायचं होतं. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं, हे गणित त्यांचं. कोण निरोगी आणि कोण आजारी, याच्याशी त्याचा तेव्हा संबंध नव्हता. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या विमेदारांच्या नोंदींवरून 'योग्य वजनाचे' तक्ते काढले. ते तक्ते दवाखान्यांच्या भिंतींवर गेले. १९७२ मध्ये ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने केटेलेंचं जुनं गणित पुन्हा पुढे आणलं आणि त्याला 'बॉडी मास इंडेक्स', म्हणजे बीएमआय, असं नाव दिलं. त्यासाठी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक लोकांची मापं घेतली होती. ते सगळे पुरुष होते. त्यात एकही बाई नव्हती, आणि त्या पाच देशांत भारतही नव्हता.

आकडा तयार झाला की त्याच्या मागोमाग बाजार येतोच. इथे तर तो आकड्याच्याही आधी आला होता. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या अमेरिकी डॉक्टरबाईंनी कॅलरी मोजून खाण्याचं पुस्तक लिहिलं. ते बायकांनी लाखोंनी विकत घेतलं. १९३० च्या दशकात त्याच देशात वजन उतरवायला डायनायट्रोफिनॉल नावाच्या रसायनाच्या गोळ्या विकल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात हेच रसायन दारूगोळ्याच्या कारखान्यांत वापरलं जायचं. वजन उतरायचं, हे खरं. पण कित्येक बायकांना ऐन उमेदीत मोतीबिंदू झाला आणि काही माणसं दगावली. १९३८ मध्ये कायदा कडक झाला, तेव्हा ते थांबलं.

उपाशी राहिल्यावर शरीर काय करतं, हेही तेव्हापासून माहीत आहे. १९४४-४५ मध्ये याच कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात छत्तीस धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना दिवसाला साधारण पंधराशे-सोळाशे कॅलरी मिळत. आजचे कितीतरी डाएट तक्ते याहून कमी सांगतात. त्या तरुणांचं वजन उतरलं. पण त्यांना सतत थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, मन उदास राहायचं. डोक्यात रात्रंदिवस जेवणच. काही जण तर पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. पुन्हा पोटभर जेवण सुरू झाल्यावर कितीतरी जणांची भूक आवरेना. म्हणजे डाएट सुटल्यावर आपण जे खा-खा करतो, तो आपला आळस नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही. शरीर आपली राखण करत असतं. हे पुस्तकरूपाने १९५० मध्येच छापलं गेलं. तरीही "तुमची जिद्द कमी पडली" असं सांगणारा धंदा वाढतच राहिला.

आता एक गोष्ट खास आपल्यासाठी. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाच्या गृहिणीने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं. वजनाबद्दल लाज न बाळगता बोलायचं, एकमेकींना धीर द्यायचा, एवढंच. आपल्या बचत गटाच्या बैठकीसारखंच की! पण १९६३ मध्ये त्याची वेट वॉचर्स कंपनी झाली. बैठकीला पैसे मोजावे लागू लागले. १९७८ मध्ये ती कंपनी हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. म्हणजे डबाबंद खाणं विकणारी कंपनीच खाणं आवरायचे वर्गही चालवू लागली. अशा धंद्यात उतरलेलं वजन पुन्हा चढलं, तर बाई परत येते आणि परत पैसे भरते. दुकानाचं नुकसान काहीच होत नाही.

हा बाजार आता आपल्या तालुक्यापर्यंत पोचला आहे. आमच्या काही गटांच्या नोंदवहीत अंतर्गत कर्जाच्या 'कारण' या रकान्यात शेळी, बियाणं, मुलांची फी यांच्या जोडीला 'पावडरचा डबा' दिसू लागला. विकणारी आपल्याच ओळखीची असते. तिलाही कुणीतरी "तीन मैत्रिणी जोडा, कमिशन मिळेल" असं सांगितलेलं असतं. डबा संपतो, कर्जाचे हप्ते चालूच राहतात. शिवाय डबा घेणाऱ्या काही जणींचं हिमोग्लोबिन नऊच्याही खाली असतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. अशा बाईने एक वेळचं जेवण सोडून पावडर पिणं म्हणजे रिकाम्या कणगीला झाडू मारणं.

वजनाचा आकडा आपल्याला दुसऱ्या बाजूनेही फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास होती, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं लहान, पण त्यांच्या अंगात चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणून आपल्याकडे दिसायला बारीक माणसालाही मधुमेह होतो, आणि बीएमआय २५ व्हायची वाट न पाहता २३ पासूनच सावध राहा असं डॉक्टर सांगतात. "मी बारीक आहे, मला काय होतंय?" असं म्हणणारी बाई साखर तपासायला जातच नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं जास्त भरली. माठ, शेवगा, चवळी यांची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात कमिशन नाही.

मैत्रिणींनो, व्यायाम करू नका असं आम्ही म्हणत नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी खरीच आहे आणि पोटाचा घेर वाढला तर लक्ष द्यायलाच हवं. पण आरोग्य मोजायचं तर रक्त, साखर, रक्तदाब आणि अंगातली ताकद मोजू या. या तपासण्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होतात, आशाताई वार सांगतात.

आमच्या गटांनी बैठकीत एक ठराव केला आहे. वजन उतरवण्याच्या पावडरीसाठी अंतर्गत कर्ज द्यायचं नाही, आणि बैठकीत तिची विक्री होऊ द्यायची नाही. कोणाला वजनाची काळजी वाटली, तर आधी दोघींनी तिच्यासोबत तपासणीला जायचं. हा ठराव तुमच्याही इतिवृत्तात लिहून घ्या. येत्या बैठकीत वाचा, त्यावर बोला, आणि मग सह्या करा.