शकुंतला आली कानडी वाटेनं

जतच्या यल्लम्मादेवीची यात्रा मार्गशीर्षात भरते. मोठी माणसं खिलार खोंडांचे दात बघत हिंडायची, मी जुन्या पुस्तकांच्या पथारीपुढं उकिडवा. तिथंच मराठी अमर चित्रकथेतली 'शकुंतला' मिळाली. कव्हर सुटलेलं, कोपरे उंदरानं कुरतडलेले.

घरी ती आज्जीच्या हाती पडली. आज्जीला अक्षरओळख नव्हती आणि बोलणं बहुतेक कानडी. पण हरीण, ऋषी, राजा बघत ती गोष्ट जुळवत गेली. माशाच्या पोटातनं अंगठी निघते तिथं बोट टेकवून म्हणाली, "मीनु!" आणि मग मोडक्या मराठीत, "एवढं पाणी कुठल्या गावचं रं?" आमच्या आडाचा तळ माघातच दिसायचा. शंका रास्तच होती.

महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत ना शाप आहे, ना अंगठी. ती भर कालिदासाची. त्याचं सात अंकी नाटक 32 पानांत कोंबायचं म्हणजे उपमा गेल्याच, अंगठी तेवढी राहिली. आज्जीला ती पुरली. अशा पुस्तकांनी अभिजात साहित्याची माती केली असं म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही.

पुढं या मालिकेचा माग काढला तर तोही सरहद्दीपलीकडं गेला. तिचे पहिले दहा अंक बंगळुरातनं कानडीत निघाले होते, तेही सिंड्रेलासारख्या परदेशी परीकथांचे. म्हणून मालिकेचे संपादक अनंत पै यांच्या 'कृष्ण' अंकावर क्रमांक 11. पै स्वतः कर्नाटकातल्या कारकळचे.

आमच्या भागाला ही वाट जुनीच. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' रंगवलं, ते कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघितल्यावर. शकुंतलेला मराठी रंगभूमीवर गायला लावणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला तेव्हा चारच अंक तयार होते. म्हणजे त्या रात्रीच्या प्रेक्षकांना अंगठी सापडलेली बघायला मिळाली नाही.

माझ्या प्रतीत अंगठी होती, शेवटचं पान नव्हतं. राजा-राणीची भेट झाली का, हे मी आज्जीलाच विचारलं. ती म्हणाली, "अंगठी घावली न्हवं? मग झालीच की."