मामाची मुलगी, आत्याबाई आणि बौधायन

गेल्या महिन्यात सोलापुरात आमच्या नात्यातलं एक लग्न झालं. मुलाने सख्ख्या मामाची मुलगी केली. पंगतीत माझ्या शेजारी आमच्या कॉलनीतले, मूळचे उत्तर प्रदेशचे एक गृहस्थ होते. नवरा-नवरीचं नातं कळलं तसा त्यांचा घास हातातच राहिला. हळूच म्हणाले, "अहो, पण ही तर बहीण झाली ना?"

माझी मावशी पलीकडून फटकन म्हणाली, "बहीण कशी? मामाची मुलगी आहे ती!"

गंमत पुढे आहे. संध्याकाळी गप्पांत एका तेलुगू कुटुंबाचा विषय निघाला. तिथे मामानेच भाचीशी लग्न केलंय. तीच मावशी म्हणाली, "शी! भाची म्हणजे लेकच की!"

दुपारी त्या गृहस्थांना जो धक्का बसला, तोच संध्याकाळी मावशीला बसला. समाजशास्त्रात याला स्वसंस्कृतिकेंद्रितता म्हणतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ समनर यांच्या १९०६ च्या पुस्तकामुळे ही कल्पना रूढ झाली. अर्थ साधा आहे: आपल्या घरची रीत हीच निसर्गाची रीत, असं धरून दुसऱ्याला मोजायचं.

आपल्याकडे हा विषय इरावती कर्वे यांनी खोलात जाऊन मांडला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावतीबाईंचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली आला. उत्तरेत मुलगी परक्या गावी, परक्या कुळात देतात. दक्षिणेत ओळखीच्या घरात देऊन जुनं नातं पुन्हा घट्ट करतात. तिथली सून सासरी गेली तरी बऱ्याचदा आपल्याच माणसांत असते. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधे. आपल्या अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, पण आत्याची चालत नाही. देशस्थांत जे चालतं, ते कोकणस्थांत चालत नाही. म्हणजे 'मराठी संस्कृती' म्हणून आपण जी एक वस्तू समजतो, तीसुद्धा एक नाही.

खुणा भाषेत उरल्यात. जुन्या घरांत सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणायची. नात्यात लग्न झालेलं नसलं तरीही!

आणि हा वाद काही आजचा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौधायन धर्मसूत्रात दक्षिण आणि उत्तर यांच्या वेगळ्या चालींची यादीच आहे. दक्षिणेकडचे मामाची किंवा आत्याची मुलगी करतात. उत्तरेकडचे लोकर विकतात, मद्य पितात, शस्त्रांचा धंदा करतात, समुद्रप्रवास करतात. बौधायन म्हणतो, ज्या प्रदेशाची जी चाल, ती तिथे प्रमाण. दुसरीकडे केली तर दोष. गौतमाला हे मान्य नव्हतं, अशीही नोंद तिथेच आहे. मतभेद तेव्हाही होता, पण दोन्ही बाजू लिहून ठेवायची दानत होती.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही हीच वाट धरली. आते-मामे भावंडं आणि मामा-भाची ही नाती त्यात निषिद्ध यादीत आहेत. पण दोन्ही बाजूंच्या रूढीत चालत असेल, तर लग्न वैध. कायदा एकच, पण त्यात रूढीसाठी एक दार उघडं ठेवलंय.

आज समान नागरी कायद्यावर तावातावाने बोलणाऱ्यांना, बाजूच्यांना आणि विरोधातल्यांनाही, माझं एवढंच विचारणं आहे: 'समान' म्हणजे कुणासारखं? त्या गृहस्थांसारखं, मावशीसारखं, की त्या तेलुगू कुटुंबासारखं? तिघंही हिंदूच आहेत.

याचा अर्थ जे जे रूढ ते ते बरोबर, असं मुळीच नाही. हुंडाही रूढीच होती. जवळच्या नात्यातल्या लग्नांत काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतात ते ऐकायलाच हवं. मुलीला मनापासून हे लग्न हवंय का, हेही विचारायलाच हवं. पण प्रश्न 'यात कुणाचं नुकसान होतंय?' असा असावा. 'आमच्यात असं नसतं' हे काही उत्तर नव्हे.

ता.क. मावशीला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "ते खरं असेल, पण भाची ती भाचीच!"

तुमच्याकडे काय चालतं? आणि सासूला काय म्हणतात? जरूर लिहा.