ए. सी. काय म्हणाली?

न्यायालयाच्या कागदांत तिचं नाव नाही, नुसतं ‘ए. सी.’. ठिकाण अमेरिकेची राजधानी, जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी हॉस्पिटल. जून १९८७ मधला तिथला एक आठवडा अपील न्यायालयाच्या २६ एप्रिल १९९० च्या निकालपत्रात जवळजवळ तासावारी सापडतो.

तेराव्या वर्षी कर्करोग, मग शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी. आजार मागे हटलेला असताना सत्ताविसाव्या वर्षी लग्न झालं, लवकरच दिवस राहिले. मूल तिला मनापासून हवं होतं. ९ जूनला, पंचविसाव्या आठवड्यात, पाठ दुखते, धाप लागते म्हणून एक्स-रे काढला. उजवं फुप्फुस गाठीनं जवळजवळ भरलेलं. १५ तारखेला डॉक्टरांनी सगळं सांगितलं. अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत तग धरावी म्हणून तिनं त्रास हलका करणारे उपचार पत्करले. मूल अजून हवंय का, यावर ती म्हणाली ते ‘माहीत नाही, हवंय बहुतेक’ अशा अर्थाचं. हे डळमळीत उत्तर निकालपत्रानं घासूनपुसून गुळगुळीत केलं नाही, हे बरं झालं. संध्याकाळी श्वासासाठी घशात नळी घातली.

१६ जूनला सकाळी हॉस्पिटलातच कोर्ट भरलं. सिझेरियन करावं का, यावर हॉस्पिटलनंच कौल मागितला होता. एक वकील तिच्यासाठी, दुसरा गर्भासाठी. बाळ जगण्याची शक्यता ५० ते ६० टक्के, अशी साक्ष झाली. तिच्या आईनं सिझेरियनला विरोध केला. न्यायाधीशांनी तरीही आदेश दिला.

डॉक्टर तिला सांगायला गेले, तेव्हा ती हो म्हणाली. थोड्या वेळानं डॉक्टर पुन्हा गेले. नळीमुळे आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलले: मला हे करायचं नाही. परत तेच. त्यांतल्या एका डॉक्टरांनी कोर्टाला जे सांगितलं, त्यावर मी बराच वेळ अडलो. इतक्या ताणाखालच्या ‘हो’ला काय किंवा ‘नाही’ला काय, समजून-उमजून दिलेलं उत्तर म्हणता येणार नाही, पण ती काय म्हणाली ते मी स्पष्ट ऐकलं, असा त्याचा आशय. न्यायाधीशांच्या मते तिची इच्छा अजून स्पष्ट नव्हती. आदेश कायम राहिला. स्थगितीचा अर्ज तीन न्यायाधीशांनी फोनवर ऐकून फेटाळला. सिझेरियन झालं. बाळ काही तास जगलं, आई दोन दिवस.

न्यायाधीश तिच्या खोलीत गेल्याची नोंद मला या निकालपत्रात दिसली नाही. तिचा ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही कोर्टात आले ते डॉक्टरांच्या तोंडून.

१९९० मध्ये आदेश रद्द झाला. आधी तिला निर्णय घेता येतो का ते पाहायला हवं होतं. येत असेल तर तिचा शब्द, नसेल तर तिनं काय ठरवलं असतं याचा शोध. ते न करताच आईचं आणि गर्भाचं पारडं तोलायला बसणं ही चूक होती. शुद्धीवर, सारं समजत असताना तिनं नकार दिला असता की होकार, याबद्दल मात्र न्यायालयानं कुठलंच अनुमान काढलं नाही.