मेकाँगचा तरंगता बाजार एका दिवसात बघता येतो का? टूर बुक करण्याआधी हे वाचा

इन्स्टाग्रामवर नुसतं ‘व्हिएतनाम’ टाकलं तरी पहिल्या काही रील्समध्ये एक दृश्य हमखास येतं. तपकिरी पाण्याची रुंद नदी, अननस आणि कलिंगडांनी गच्च भरलेल्या होड्या, एका होडीतून दुसरीत अलगद झेलली जाणारी फळं आणि डुगडुगत्या होडीत बसून खाल्लेला नूडल्सचा वाडगा. खाली लिहिलेलं असतं, ‘मेकाँग डेल्टा, वन डे टूर’.

हो ची मिन्ह सिटीला गेलेले बरेच भारतीय ही टूर घेतात. सकाळी आठला बस निघते, संध्याकाळी पाचला परत येते. दिवस चांगला जातो, फोटोही भरपूर मिळतात. पण परतीच्या बसमध्ये कोणीतरी विचारतंच, ‘रीलमधला तो बाजार कुठे होता?’

हा बाजार नक्की कुठे भरतो? एका दिवसाच्या टूरमध्ये तो का दिसत नाही? आणि अजून काही वर्षांनी तो दिसेल का?

मेकाँग डेल्टा म्हणजे काय?

मेकाँग नदी तिबेटच्या पठारावर उगम पावते आणि चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया असा प्रवास करत व्हिएतनाममध्ये समुद्राला मिळते. एकूण लांबी ४ हजार किलोमीटरहून जास्त. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हजवळ ती फुटते आणि व्हिएतनाममध्ये तिएन आणि हाउ या दोन मुख्य फाट्यांनी शिरते. पुढे या फाट्यांनाही फाटे फुटतात. व्हिएतनामी लोक या नदीला ‘कुउ लाँग’ म्हणजे ‘नऊ ड्रॅगन’ म्हणतात, ते समुद्राकडे जाणाऱ्या या अनेक मुखांमुळे.

नदीने हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळातून इथे त्रिभुज प्रदेश तयार झाला. व्हिएतनामच्या हद्दीत त्याचं क्षेत्रफळ साधारण ४० हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास एक अष्टमांश. देशातला निम्म्याहून अधिक भात इथे पिकतो. फळं आणि मासळीतही हाच भाग पुढे आहे.

इथल्या पाण्याचा रंग पाहून अनेकजण नाक मुरडतात. पण हा तपकिरी रंग मुख्यतः गाळाचा आहे, आणि त्या गाळावरच इथली शेती उभी आहे.

इतके कालवे आले कुठून?

काही ओहोळ नैसर्गिक आहेत, पण शेकडो कालवे माणसांनी खणलेले आहेत. कंबोडियाच्या सीमेलगतचा विन ते कालवा १८१९ ते १८२४ या काळात न्युएन राजवटीने हजारो मजुरांकडून हाताने खणून घेतला. पुढे फ्रेंचांनी यंत्रं लावून कालव्यांचं जाळं आणखी पसरवलं. दलदलीतलं पाणी काढून भातशेती वाढवायची आणि तांदूळ बंदरापर्यंत न्यायचा, हा त्यामागचा हिशोब होता.

त्यामुळे इथे बराच काळ पाणी हाच रस्ता होता. घरांची तोंडं कालव्याकडे, दारात बैलगाडीऐवजी होडी. मग जिथे तीन-चार जलमार्ग एकत्र येतात तिथे बाजार भरणं ओघानेच आलं. ‘न्गा बाय’ या गावाच्या नावाचा अर्थच ‘सात फाटे’ असा आहे, कारण तिथे सात कालवे मिळतात. तिथला फुंग हिएप हा एकेकाळचा प्रसिद्ध तरंगता बाजार.

तरंगता बाजार चालतो कसा?

हा मुळात घाऊक बाजार आहे. मोठ्या होड्या बागांमधून आणि शेतांमधून माल भरून येतात, मध्यभागी नांगर टाकतात आणि माल संपेपर्यंत तिथेच राहतात. कधी दोन दिवस, कधी आठवडाभर. छोट्या होड्यांमधले व्यापारी येऊन माल घेतात आणि आतल्या कालव्यांमधल्या गावांत नेऊन विकतात. अनेक कुटुंबांचा संसारही होडीवरच. मागच्या बाजूला चूल, दोरीवर कपडे, कुंडीत मिरचीचं रोप.

इंजिनांच्या आवाजात ओरडून माल विकणं अवघड. त्यावरचा उपाय म्हणजे ‘काय बेओ’, होडीवर उभा केलेला बांबू. जे विकायचं ते त्याच्या टोकाला टांगायचं. अननस टांगला असेल तर अननस, कोबी असेल तर कोबी. लांबूनच कळतं.

या नियमाला काही मजेशीर अपवाद आहेत आणि इथले गाइड ते आवर्जून सांगतात. टांगलेलं असतं पण विकायचं नसतं, ते म्हणजे वाळत घातलेले कपडे. विकायचं असतं पण टांगता येत नाही, ते म्हणजे चहा, कॉफी आणि नूडल्स. आणि बांबूला झावळी लटकवलेली दिसली, तर ती होडीच विकायला काढलेली असते.

मग एका दिवसाच्या टूरमध्ये काय दिसतं?

सगळी गोम इथे आहे. ‘मेकाँग डेल्टा टूर’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या ठिकाणच्या सहली विकल्या जातात.

पहिली आणि सगळ्यात स्वस्त सहल म्हणजे मी थो आणि बेन त्रे. मी थो हे शहर हो ची मिन्ह सिटीपासून साधारण ७० किलोमीटरवर आहे, म्हणून एका दिवसात आरामात होतं. या सहलीत सहसा विन ट्रांग पॅगोडा, तिएन नदीतल्या बेटांची बोटफेरी, मध घातलेला चहा, ताजी फळं, नारळाच्या वड्यांचा कारखाना आणि शेवटी अरुंद कालव्यातून वल्ह्याच्या होडीची फेरी असते. फळं खाताना ‘दॉन का ताय तू’ हे दक्षिण व्हिएतनामचं पारंपरिक संगीत ऐकवतात. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

कोकणातल्या माणसाला बेन त्रे परकं वाटणारच नाही. जिकडे तिकडे माड, करवंटीच्या वस्तू, काथ्याच्या दोऱ्या. इथली नारळाची वडी मात्र आपल्यासारखी किसाची नसते. नारळाचं दूध, साखर आणि चिकट तांदळाचा पाक बराच वेळ आटवून ती करतात आणि तांदळाच्या पातळ कागदात गुंडाळतात. तो कागदही खायचा असतो.

या सहलीत तरंगता बाजार नाही. ती जाहिरात बारकाईने वाचली तर तसा दावाही नसतो, फक्त फोटो तिथला असतो.

दुसरी सहल काय बे या गावाची. नागपूरकरांना हे नाव लगेच पाठ होईल. इथे एकेकाळी मोठा तरंगता बाजार भरायचा. आता तो जवळपास संपलेला आहे. जुन्या ब्लॉगवर आणि काही जाहिरातींमध्ये मात्र तो अजून भरतोच आहे.

तिसरं ठिकाण म्हणजे कान थो शहराजवळचा काय रांग बाजार. रील्समध्ये दिसतो तो बहुतेक वेळा हाच. हो ची मिन्ह सिटीपासून कान थो सुमारे १७० किलोमीटर, रस्त्याने तीन ते चार तास. आणि हा बाजार भरतो पहाटे. उजाडण्याच्या सुमारास सर्वाधिक गर्दी असते, आठ-नऊपर्यंत व्यवहार ओसरतात. म्हणजे सकाळी आठला शहरातून निघालेली बस दुपारी पोहोचेल तेव्हा तिथे उरतील दोन-चार होड्या.

गणित साधं आहे. काय रांग खऱ्या अर्थाने बघायचा तर आदल्या रात्री कान थोमध्ये मुक्काम करा आणि पहाटे पाचच्या सुमारास निन किऊ धक्क्यावरून होडी पकडा. तिथून बाजार सहा किलोमीटरच्या आसपास आहे. काही कंपन्या शहरातून मध्यरात्रीनंतर निघून पहाटे पोहोचवतात, पण त्यात झोपेचं खोबरं होतं.

बाजार आटतोय का?

हो. आणि त्याला कोणी एक जबाबदार नाही.

पहिलं कारण रस्ते आणि पूल. तिएन नदीवरचा मी थुआन पूल २००० मध्ये सुरू झाला, हाउ नदीवरचा कान थो पूल २०१० मध्ये. त्याआधी या नद्या ओलांडायला फेरीबोटीच्या रांगेत थांबावं लागायचं. आता ट्रक थेट बागेच्या बांधापर्यंत जातो आणि माल काही तासांत शहरात पोहोचतो. होडीने जे काम दोन दिवसांत व्हायचं, ते एका रात्रीत होतं.

दुसरं कारण होडीवरचं आयुष्य. सतत फिरत्या होडीवर मुलांची शाळा होत नाही, दवाखाना लांब. नव्या पिढीने किनाऱ्यावर घर करणं किंवा हो ची मिन्ह सिटीच्या आसपासच्या कारखान्यांत नोकरी धरणं पसंत केलं. तिसरं कारण किनाऱ्यालगत बांधलेली काँक्रीटची भिंत. ती धूप रोखण्यासाठी गरजेची होती, पण त्यामुळे होडीतून किनाऱ्यावर माल चढवणं-उतरवणं अवघड झालं.

२०१६ मध्ये काय रांग बाजाराला व्हिएतनामच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण दर्जा मिळाला म्हणून गिऱ्हाईक येत नाही. आता अनेकदा माल विकणाऱ्या होड्यांपेक्षा फोटो काढणाऱ्यांच्या होड्या जास्त दिसतात.

ज्या पुलांनी शेतकऱ्याला चांगली बाजारपेठ दिली, त्यांनीच तरंगता बाजार मोडला. पर्यटकाला हळहळ वाटते ते ठीक, पण तिथल्या शेतकऱ्याने आपल्या फोटोसाठी होडीनेच माल न्यावा, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

नदीचं काय?

बाजारापेक्षा मोठा प्रश्न जमिनीचा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार हा सगळा प्रदेश समुद्रसपाटीपासून सरासरी ०.८ मीटरच उंच आहे. म्हणजे कमरेएवढाही नाही.

त्यातच भूजलाच्या उपशामुळे जमीन खचते आहे. नदीच्या वरच्या टप्प्यात चीन आणि लाओसमध्ये बांधलेल्या धरणांमागे गाळ अडकतो, त्यामुळे खाली नवी माती पुरेशी येत नाही. वाळूउपशाने पात्र खोल होतं आणि काठ कोसळतात. उन्हाळ्यात नदीचा जोर कमी झाला की समुद्राचं खारं पाणी आत घुसतं. २०१६ आणि २०२० मध्ये याचा मोठा फटका बसला. २०२० मध्ये बेन त्रेसह पाच प्रांतांनी आणीबाणी जाहीर केली होती. चहूकडे पाणी असलेल्या गावांत लोक पिण्याचं पाणी विकत घेत होते.

ज्या कालव्यातून पर्यटकांची होडी जाते, त्याच्या काठची फळबाग या खाऱ्या पाण्याच्या भीतीत जगते. टूरच्या माहितीपत्रकात हे नसतं. चांगल्या गाइडला विचारलं तर तो नक्की सांगतो.

बुक करण्याआधी काय विचारायचं?

- नेमकं ठिकाण कोणतं? ‘मेकाँग डेल्टा’ हे उत्तर पुरेसं नाही. मी थो, बेन त्रे, काय बे की काय रांग, ते विचारा. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनाममधले प्रांत एकत्र केले आहेत. बेन त्रे आता विन लाँग प्रांतात आणि मी थो दाँग थाप प्रांतात आहे. त्यामुळे नव्या नकाशात नावं वेगळी दिसली तर गोंधळू नका.
- बाजारात किती वाजता पोहोचणार? उत्तर सकाळी नऊनंतरचं असेल तर बाजारासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.
- दुकानांचे थांबे किती? टूर जितकी स्वस्त, तितके विक्रीचे थांबे जास्त, हा साधारण अनुभव. वस्तू घेण्याची सक्ती नसते.
- गटात माणसं किती? चाळीस जणांच्या बसमध्ये गाइडला प्रश्न विचारायला वेळच मिळत नाही.
- जेवणात काय? अख्खा तळलेला ‘हत्तीच्या कानाचा मासा’ ही इथली खासियत. शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. इथे ‘चाय’ म्हणजे शाकाहारी जेवण. माशाचा सॉस भाजीतही घालतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.
- प्राण्यांचे खेळ आहेत का? काही ठिकाणी गळ्यात अजगर घालून फोटो काढतात. नको असेल तर स्पष्ट नकार द्या.

हवामानाचं म्हणाल तर डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, मे ते नोव्हेंबर पावसाचा. फळांचा बहर जून ते ऑगस्टमध्ये असतो. तेत म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या दिवसांत बाजार बंद असतो. लहान कालव्यांमध्ये भरती-ओहोटीने पाणी कमी-जास्त होतं, त्यामुळे होडीच्या फेरीची वेळ ऐनवेळी बदलू शकते. लाइफ जॅकेट मात्र प्रत्येक वेळी घाला.

आणि एक गोष्ट सुट्ट्या पैशांची. अरुंद कालव्यात होडी वल्हवणाऱ्या बहुतेक बायका असतात, दिवसभरात त्यांच्या अनेक फेऱ्या होतात. त्यांना टीप देण्याची पद्धत आहे. एका रुपयाला साधारण ३०० डोंग धरले, तर २० ते ३० हजार डोंग म्हणजे ७० ते १०० रुपये होतात.

मग जायचं की नाही?

हातात एकच दिवस असेल तर मी थो आणि बेन त्रेची सहल जरूर करा, पण ती बेटांची आणि कालव्यांची सहल आहे हे समजून. बाजारच बघायचा असेल तर एक रात्र वाढवा, कान थोला राहा आणि पहाटेचा गजर लावा. होडीवरून अननस किंवा नूडल्स विकत घ्या. पोटभर नाश्ता होईल आणि तिथे अजूनही माल घेऊन येणाऱ्या कुटुंबाची थोडी विक्रीही होईल.

आणि बाजारात एखाद्या बांबूवर झावळी लटकलेली दिसली, तर फोटो काढण्याआधी तिचा अर्थ आठवा. त्या घराने पाण्यावरचा संसार आवरायला घेतलेला असतो.