पोचसंकेत, अल्पविलंबी बिनतारी संदेशवहनातील

पाठवलेले पॅकेट नीट वाचता आले की नाही, हे ग्राहीने प्रेषकाला उलट कळवण्यासाठी वापरलेला छोटा संकेत. बहुतेक वेळा त्यात एकच बिट असतो: ‘पोचले’ (पोच) किंवा ‘पुन्हा पाठवा’ (नकार). कारखान्यातला यंत्रहात किंवा वीजजाळ्यातला संरक्षक रिले यांना काही मिलिसेकंदांच्या आत आज्ञा मिळावी लागते. अशा ठिकाणी सगळ्या दुव्याची भिस्त या एका बिटाच्या खरेपणावर असते.

पोच मागण्याची रीत जुनी आहे. डच टपाल व तार खात्यातील व्हान ड्यूरेन यांनी १९४० च्या दशकात रेडिओ-तारायंत्रासाठी सात घटकांची संकेतलिपी वापरली. प्रत्येक अक्षरात एका प्रकारचे घटक तीन आणि दुसऱ्या प्रकारचे चार असायचे. मोजणी जुळली नाही की यंत्र आपोआप ते अक्षर पुन्हा मागे. सिद्धान्ताच्या बाजूने १९६६ मध्ये शाल्कवाइक आणि कैलथ यांनी दाखवून दिले की, उलट दिशेने पूर्ण माहिती मिळत राहिली तर चुकीची शक्यता थक्क करणाऱ्या वेगाने घटते. मात्र त्यांनी उलटा मार्ग गोंगाटरहित धरला होता. प्रत्यक्षात उलटा मार्गही हवेतूनच जातो, आणि अडचण तिथेच सुरू होते.

‘फोर जी’मध्ये दहातले एखादे पॅकेट पहिल्या प्रयत्नात फसले तरी चालते. नकाराला पोच समजण्याची चूक हजारात एक धरली, तर दोन्ही मिळून दहा हजारांत एक पॅकेट प्रेषकाच्या नकळत हरवते. फोनच्या वापरात याने बिघडत नाही. वरच्या थरातील नियंत्रण हे पॅकेट पुन्हा मागून घेते, फक्त त्यात वेळ जातो. ‘फाइव्ह जी’च्या अतिविश्वसनीय सेवेचे उद्दिष्ट मात्र ३२ बाइटचे पॅकेट १ मिलिसेकंदात पोचवण्याचे आहे आणि त्यात लाखात एकच अपयश चालते. वरचा हिशेब या मर्यादेच्या दहापट आहे, तोही दुसरा प्रयत्न कधीच फसत नाही असे धरून. म्हणजे पॅकेटाचे संकेतन कितीही सुधारले तरी पोच कच्ची असेल तर उद्दिष्ट हाती लागत नाही.

पोच कच्ची राहते ती मुख्यतः ऊर्जेच्या कमतरतेमुळे. फोनची प्रेषणशक्ती साधारणपणे जास्तीत जास्त २०० मिलिवॅट असते. घाईसाठी पोच १४ चिन्हांच्या पूर्ण कालखंडाऐवजी (स्लॉटऐवजी) दोनच चिन्हांत आटोपली, तर तेवढ्याच शक्तीत सातवा हिस्सा ऊर्जा उरते.

‘फाइव्ह जी’तील सर्वांत आखूड पोचसंकेताची घडण पाहण्यासारखी आहे. त्यात एकच ठरलेला क्रम चक्राकार सरकवून पाठवतात. सरकवण्याच्या जागा १२ असल्याने ती घड्याळाची तबकडीच समजावी. एका बिटासाठी नकार बाराच्या जागी आणि पोच सहाच्या जागी, म्हणजे बरोबर समोरासमोर. दोन बिटांसाठी बारा, तीन, सहा आणि नऊ या जागा घेतात. दोन्ही नकार बारावर, दोन्ही पोच सहावर, आणि शेजारच्या जागांत एकाच बिटाचा फरक. प्रतिध्वनींमुळे किंवा वेळ किंचित चुकल्यामुळे संकेत शेजारच्या जागेकडे ढळला, तरी एकच बिट बिघडतो. दोन नकारांच्या दोन पोची होत नाहीत.

सगळ्या चुका सारख्या नसतात. पोच आली असता नकार समजला, तर पॅकेट उगाच पुन्हा जाते. नुकसान थोड्या वर्णपटाचे. नकाराला पोच समजले की पॅकेट गेलेच. म्हणून ग्राहीचा उंबरठा मुद्दाम नकाराकडे झुकता ठेवणे शहाणपणाचे. तिसरी स्थिती मौनाची. ‘तुझ्यासाठी पॅकेट आहे’ ही सूचनाच हुकली तर उपकरण काहीच पाठवत नाही, आणि बेस स्टेशनला गोंगाटातच पोच ऐकू येण्याचा धोका असतो. यावर सूचनेला जास्त संरक्षण देतात. पोची गटाने पाठवायच्या असतील तर सूचनांना क्रमांक घालतात. मधला क्रमांक गळाला की उपकरणाला हुकलेली सूचना कळते आणि ते तिच्या जागी नकार भरते.

बेस स्टेशनवर अनेक अँटेना आणि पोच पाठवताना मध्येच वारंवारता बदलणे हे उपाय सर्वत्र वापरले जातात. २०२० मध्ये पूर्ण झालेल्या, ‘फाइव्ह जी’ मानकाच्या सोळाव्या आवृत्तीत स्लॉटचे दोन किंवा सात चिन्हांचे उपस्लॉट पाडून एकाच स्लॉटमध्ये अनेकदा पोच देण्याची सोय झाली. तातडीच्या आणि साध्या पोचींचे अग्रक्रमही वेगळे झाले. २०२२ च्या सतराव्या आवृत्तीत उपस्लॉटमधील पोच पुन्हा पाठवण्याची तरतूद आली. पुनरावृत्तीने ऊर्जा वाढते पण वेळ खर्च होतो, त्यामुळे ती जपूनच वापरावी लागते. पोचेची वाट न पाहता पॅकेटच दोन, चार किंवा आठ वेळा पाठवण्याचा मार्गही आहे. फेरीला वेळच नसेल तिथे तो योग्य. एरवी एका बिटाला बळ देणे पॅकेटाच्या प्रती वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते.

विश्वासार्हता तपासणे हेही चिकाटीचे काम आहे. लाखात एक या दराच्या सुमारे १०० चुका नोंदवायच्या तर १ कोटी संकेत पाठवावे लागतात. दर अर्ध्या मिलिसेकंदाला एक या गतीने त्याला ८३ मिनिटे लागतात, आणि हे मोजमाप सिग्नलच्या प्रत्येक पातळीसाठी नव्याने करावे लागते.